युद्धाच्या वर्षांतला जमाखर्च

(छत्तीसगढच्या दुर्ग जिल्ह्यातल्या अहिवारा येथील वार्षिक स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



युद्धाच्या काळात विद्यापीठातल्या नेतृत्व घडवणाऱ्या केंद्रानं वर्षभर काय करावं, असा विषय संयोजकांनी मला दिला. विषय ऐकल्यावर कुणालाही युक्रेन आठवेल. खार्किव शहरात भुयारी रेल्वेच्या स्थानकांत मुलांचे वर्ग भरतात, हे आपण सगळ्यांनी वर्तमानपत्रांत वाचलं आहे. २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथून वैद्यकीचे विद्यार्थी परतले, त्यांत छत्तीसगढची आणि महाराष्ट्राचीही मुलं होती. पण दूरच्या लोकांच्या धैर्याबद्दल इथं बसून बोलणं फार सोपं असतं. मला तुमच्यासमोर आपल्याच माणसांचं, आपल्याच भाषेच्या परिसरातलं एक उदाहरण ठेवायचं आहे. १९३९ ते १९४५ या महायुद्धाच्या वर्षांत पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेनं जे काम केलं, ते हे उदाहरण. त्या कामाची एक वाट या अहिवाऱ्यापर्यंत येते. ती कशी, ते ओघानं सांगेन.

आधी दुसऱ्या एका वाटेबद्दल बोलतो. युद्ध आणि नेतृत्व हे शब्द जोडीनं आले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कवायतीचं मैदान येतं. ती परंपराही आपल्याकडे आहे आणि तिचा एक धागा छत्तीसगढमध्ये आहे. नाशिकला १९३७ साली भोसला मिलिटरी स्कूल काढणारे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे नागपूरचे म्हणून ओळखले जातात, पण त्यांचा जन्म बिलासपूरचा, १८७२ चा. हिंदी तरुणाला लष्करी शिक्षण मिळालं पाहिजे, हा ध्यास त्यांनी आयुष्यभर धरला. विद्यापीठांतूनही पहिल्या महायुद्धानंतर 'युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर' चालत असे. १९४२ मध्ये तिचं 'ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर' झालं. सैन्याला अधिकारी कमी पडत होते आणि ते कॉलेजांतून मिळावेत अशी सरकारची अपेक्षा होती. ती फारशी पुरी झाली नाही. युद्ध संपल्यावर १९४६ साली पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशीतून १९४८ साली एनसीसी उभी राहिली. आज तुमच्या मुलामुलींच्या अंगावर खाकी गणवेश दिसतो तो या समितीमुळे.

हे कुंझरू कोण? गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे ते १९३६ पासून अध्यक्ष होते आणि गोखले अर्थशास्त्र संस्था याच समाजाच्या आवारात होती. म्हणजे ज्यांच्या समितीनं पुढे देशभरच्या कॉलेजांना कवायत दिली, त्यांच्याच आवारात युद्धाची सहा वर्षं काही माणसं कागद, पेन्सिल आणि आकड्यांचे तक्ते घेऊन बसली होती. माझ्या लेखी नेतृत्व त्या दुसऱ्या खोलीत होतं. माझं हे मत काहींना पटणार नाही, पण त्याची कारणं मी सांगतो.

साताऱ्याचे वकील रावबहादूर रा. रा. काळे यांनी दिलेल्या देणगीतून १९३० साली ही संस्था निघाली. पुणे विद्यापीठाचा तेव्हा पत्ता नव्हता, ते १९४९ मध्ये झालं. संस्थेत पदव्युत्तर विद्यार्थी मुंबई विद्यापीठाचे असत. संचालक म्हणून धनंजयराव गाडगीळ आले आणि १९६६ पर्यंत राहिले. जन्म नाशिकचा १९०१ चा, पण शाळा नागपूरची. आपला दुर्ग जिल्हा त्या वेळी मध्यप्रांतात होता आणि नागपूर ही आपली राजधानी. रायपूरचं छत्तीसगढ कॉलेज १९३८ साली सुरू झालं तेही नागपूर विद्यापीठाशी जोडलेलं. तेव्हा गाडगीळ या प्रांताला अनोळखी नव्हते, असं म्हणायला हरकत नाही. केंब्रिजला त्यांनी हिंदुस्थानच्या औद्योगिक स्थित्यंतरावर प्रबंध लिहिला, तो १९२४ साली ग्रंथरूपानं आला आणि पुढं कित्येक वर्षं अभ्यासला गेला. त्यांचं लिखाण मात्र कोरडं. वाचकाला खूश करण्याची हौस त्यांना अजिबात नव्हती. मी ते अनेकदा जांभया देत वाचलं आहे आणि दर वेळी शेवटी कामाचं काहीतरी हाती लागलं आहे.

काळे १९३६ मध्ये वारले. त्यांच्या नावानं संस्थेनं दरवर्षी एक व्याख्यान सुरू केलं. तुमची ही व्याख्यानमाला जशी एका माणसाच्या स्मरणार्थ चालते, तसंच ते. २९ जानेवारी १९३९ रोजी पुण्याच्या गोखले हॉलमध्ये या मालेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. विषय होता १९३५ च्या कायद्यातली संघराज्याची योजना. संस्थानिकांना सामावून घेणारं हे संघराज्य स्वातंत्र्याच्या वाटेत धोंड ठरेल, अशी त्यांची मांडणी होती. भारत सेवक समाज मवाळांचा, सनदशीर मार्गाचा. अशा घरी येऊन सनदशीर योजनेचे वाभाडे काढणारं व्याख्यान झालं आणि संस्थेनं ते पुस्तकरूपानं छापलं. वक्त्याची निवड कशी करावी याचा हा धडा व्याख्यानमाला चालवणाऱ्यांनी जरूर घ्यावा. सात महिन्यांनी युद्ध पेटलं.

युद्ध पेटल्यावर जगभरच्या विद्यापीठांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स केंब्रिजला हललं. चीनमध्ये तर त्याआधीच जपान्यांपुढे मागं हटत तीन विद्यापीठं कुनमिंगला गेली आणि तिथं एकत्र चालली. पुण्यावर बॉम्ब पडले नाहीत, संस्थेला कुठं जावं लागलं नाही. युद्ध पुण्यात आलं ते किराणा दुकानाच्या फळीवरून. धान्य महागलं, रॉकेल मिळेना, कापड मिळेना. नाणी तर अशी अदृश्य झाली की सुट्ट्या पैशांसाठी माणसं भांडू लागली. १९४३ साली सरकारनं मधोमध भोक पाडलेला पैसा काढला. धातू वाचावा हा हेतू. तो भोकाचा पैसा जुन्या घरांत अजून सापडतो, कुणाच्या करगोट्यात ओवलेला, कुणी वायसर म्हणून यंत्रात घातलेला. ज्या राज्याला तांब्याचा पैसासुद्धा भरीव देता येत नाही त्याची आर्थिक घडी काय आहे, हे बाजारातल्या बाईला त्या भोकातून दिसत होतं.

पण का, हे समजावून सांगणारा कुणी हवा होता. ते काम एरवी विधिमंडळाचं. तिथं तर कुणी उरलं नव्हतं. हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढलं म्हणून १९३९ च्या अखेरीस काँग्रेसची प्रांतिक मंत्रिमंडळं राजीनामे देऊन बाहेर पडली. आपल्या मध्यप्रांताच्या विधानसभेचे अध्यक्ष दुर्गचे घनश्यामसिंह गुप्त होते, म्हणजे प्रांताच्या सभागृहाची सर्वांत मोठी खुर्ची आपल्या जिल्ह्याकडे होती. पण सभागृहच भरत नव्हतं, गव्हर्नर एकहाती कारभार बघत होते. मुंबई प्रांतातही तेच. प्रश्न विचारायची जागा बंद झाली, म्हणून एका अभ्याससंस्थेचं पुस्तक इतकं मोलाचं ठरलं.

१९४३ साली गाडगीळ आणि त्यांचे सहकारी नी. वि. सोवनी यांनी युद्ध आणि हिंदुस्थानचं आर्थिक धोरण या विषयावर ते पुस्तक लिहिलं. त्यातला मुख्य मुद्दा मी माझ्या शब्दांत सांगतो. ब्रिटनला युद्धासाठी हिंदुस्थानातून तंबू, बूट, कापड, ताग, धान्य असा प्रचंड माल हवा होता. तो माल उचलला जाई आणि त्याची किंमत लंडनमध्ये हिंदुस्थानच्या नावे स्टर्लिंगच्या खात्यावर चढे. ती रक्कम युद्ध संपेपर्यंत मोकळेपणानं वापरता येत नसे. इथल्या व्यापाऱ्याला, गिरणीवाल्याला, ठेकेदाराला मात्र रोख रुपये द्यावे लागत. मग त्या लंडनच्या खात्याच्या तारणावर रिझर्व्ह बँक इथं नोटा छापी. १९३९ साली चलनात सुमारे १८० कोटींच्या नोटा होत्या, १९४५ पर्यंत तो आकडा ११०० कोटींच्या वर गेला. माल देशाबाहेर किंवा सैन्याकडे आणि नोटा बाजारात. महागाई होणार नाही तर दुसरं काय? युद्धाचा खर्च कर लावून वसूल केला असता तर ज्याच्याकडे पैसा आहे त्यानं तो भरला असता. भाववाढीतून वसूल केल्यामुळे तो ज्याचं पोट रोजच्या बाजारावर चालतं त्यानं भरला. मुंबई विद्यापीठाचे चं. ना. वकील यांनीही त्याच वर्षी घसरत्या रुपयावर पुस्तक लिहिलं. सरकार म्हणत होतं साठेबाजांमुळे भाव चढतात. साठेबाज होतेच. पण साठा करणं फायद्याचं कुणी केलं, हे अर्थशास्त्रज्ञ विचारत होते.

हे सगळं ज्या शहरात लिहिलं गेलं त्या शहराची त्या वर्षातली स्थितीही डोळ्यांपुढे आणा. आगाखान पॅलेसमध्ये गांधीजी कैदेत. तिथंच १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाई देसाई गेले. २४ जानेवारी १९४३ रोजी कॅन्टोन्मेंटमधल्या कॅपिटॉल सिनेमागृहात बॉम्बस्फोट झाला. १० फेब्रुवारीला गांधीजींनी एकवीस दिवसांचं उपोषण सुरू केलं. कॉलेजांतली मुलं तुरुंगात किंवा भूमिगत. आणि देणगीदार काळ्यांच्या सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहत होतं. अशा वेळी नोटांच्या चलनाचे तक्ते मांडत बसणं हा पळपुटेपणा नव्हता का? हा प्रश्न त्या वेळीही विचारला गेला असेल आणि तो रास्त आहे. संस्था म्हणून त्यांनी बेचाळीसच्या लढ्यात उडी घेतली नाही. मवाळांच्या घराण्याचा स्वभाव तो. हुतात्म्यांच्या बाजूला उभं राहून मी त्यांचा बचाव करणार नाही. पण त्यांनी त्याच काळात जे केलं ते दुसरं कुणी करू शकलं नसतं, आणि त्याचा उपयोग तुरुंगाबाहेर राहिलेल्या कोट्यवधी माणसांच्या पोटाला झाला.

कसा झाला, ते सांगतो. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. वर्षाला दहा-पंधरा लाख टन तांदूळ तिकडून यायचा. १९४३ च्या मे महिन्यात सरकारनं पूर्वेकडच्या प्रांतांत, म्हणजे बंगाल, बिहार, ओरिसा, आसाममध्ये, धान्याच्या ने-आणीवरचे निर्बंध उठवून खुला व्यापार सुरू केला. विचार असा की जिथं जास्त आहे तिथून कमी असेल तिथं धान्य आपोआप वाहील. झालं भलतंच. कलकत्त्याचे व्यापारी पैशाच्या थैल्या घेऊन बिहार-ओरिसात उतरले, तिथले भावही भडकले, आणि बंगालमधले भूकबळी तर थांबलेच नाहीत. जुलै संपता संपता तो प्रयोग गुंडाळावा लागला. बंगालच्या दुष्काळात सरकारी चौकशी आयोगानं पंधरा लाख मृत्यू धरले, नंतरच्या अभ्यासकांनी तो आकडा तीस लाखांच्या आसपास नेला. कलकत्त्यात प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या सांख्यिकी संस्थेनं पुढं गावोगाव जाऊन दुष्काळानं उद्ध्वस्त झालेल्या कुटुंबांची नमुना पाहणी केली. पूर्वेला ती संस्था आणि पश्चिमेला गाडगिळांची. दोन्हीकडे अभ्यासकांनी मृत्यूचा आणि भुकेचा हिशोब मांडायची जबाबदारी आपली मानली.

त्याच १९४३ च्या जुलैत केंद्र सरकारनं सर थिओडोर ग्रेगरी यांच्या अध्यक्षतेखाली धान्य धोरण समिती नेमली आणि गाडगीळ तिचे सदस्य झाले. समितीनं सप्टेंबरमध्ये अहवाल दिला. एक लाखाहून मोठ्या शहरांत रेशनिंग करा, धान्याची खरेदी सरकारी यंत्रणेमार्फत करा, देशाचा म्हणून पाच लाख टनांचा साठा ठेवा, निर्यात बंद करा. मुंबईत रेशनिंग त्या वर्षीच्या मे महिन्यातच सुरू झालं होतं. बघता बघता रेशनकार्ड हे शहरातल्या घराचं सर्वांत महत्त्वाचं कागदपत्र झालं. बाळ जन्मलं की बारशाआधी त्याचं नाव कार्डावर चढवायची घाई.

आता अहिवाऱ्याकडे येतो. छत्तीसगढ तेव्हाही भाताचं कोठार होतं. पूर्वेच्या त्या खुल्या व्यापाराच्या क्षेत्रात आपला प्रांत नव्हता, ही आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीनं भाग्याची गोष्ट, नाहीतर इथलं धानही त्याच थैल्यांमागे गेलं असतं. आज दिवाळीनंतर इथला शेतकरी टोकन घेऊन सोसायटीत जातो. बारदाना आला का, तौल केव्हा होणार, ओलावा किती भरतो, एकरी एकवीस क्विंटलच्या हिशोबात आपलं किती बसतं, ३१०० रुपयांचा भाव हातात केव्हा पडतो, यावर चहाच्या टपरीवर तासन्‌तास चर्चा झडते. ही जी सरकारनं धान्य विकत घ्यायची, कोठारात भरायची आणि कोट्याच्या दुकानातून वाटायची साखळी आहे, तिची पहिली कडी त्या युद्धाच्या वर्षांत ओतली गेली. तिच्यात खोट आहे, गळती आहे, राजकारण आहे. तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण दुष्काळात शहरातल्या श्रीमंताची थैली धान्याचा मार्ग ठरवणार नाही, हे तत्त्व त्या वर्षी लिखित स्वरूपात आलं आणि ते आणणाऱ्यांत पुण्याचा एक प्राध्यापक होता.

नंदिनीच्या खाणीत किंवा भिलाईच्या कारखान्यात ज्यांनी नोकरी केली त्यांच्यासाठी दुसरी एक कडी आहे. महागाई भत्ता. तो तुमच्या पगारपत्रकावर कुठून आला? युद्धात भाव वाढले तेव्हा जीआयपी रेल्वेच्या कामगारांनी वाढ मागितली. १९४० साली न्यायमूर्ती बी. एन. राव यांचं चौकशी न्यायालय बसलं. भत्ता द्यायचा तर महागाई किती झाली हे मोजलं पाहिजे, आणि देशभर एकसारखी मोजायची सोयच नव्हती. ती उभारायचं काम एका मराठी माणसाकडे आलं, एस. आर. देशपांडे. केंद्र सरकारच्या राहणीमान निर्देशांक योजनेचे ते संचालक. १९४३ ते १९४६ या काळात त्यांच्या देखरेखीखाली औद्योगिक शहरांमध्ये कामगार कुटुंबांच्या घरखर्चाच्या पाहण्या झाल्या. भाकरीवर किती, डाळीवर किती, भाड्यावर किती, तंबाखूवर किती, सावकाराच्या व्याजावर किती. त्या वेळी केंद्रात मजूर खात्याचे सदस्य कोण होते? १९४२ च्या जुलैपासून डॉ. आंबेडकर. १९४४ साली नेमलेल्या कामगार चौकशी समितीचे अध्यक्ष द. वि. रेगे, आणि तिच्यातही देशपांडे सदस्य. १९३९ साली काळे व्याख्यान देणारा अर्थशास्त्रज्ञ तीन-चार वर्षांत कामगाराच्या चुलीचा हिशोब मांडणाऱ्या खात्याच्या प्रमुखपदी बसला होता. या पाहण्यांतून पुढं कामगार ब्युरो आलं. आज त्याचा निर्देशांक ज्या शहरांतल्या भावांवरून निघतो त्यांत भिलाई आहे. म्हणजे दर महिन्याला कुणीतरी भिलाईच्या बाजारात जाऊन तांदूळ, तेल, कांद्याचे भाव टिपून घेतो आणि त्यावरून देशभरच्या कामगारांचा भत्ता ठरायला मदत होते. त्या टिपणाऱ्याला आपण ओळखत नाही.

पुन्हा पुण्याला जाऊ. गोखले संस्थेत नेतृत्वाचे वर्ग नव्हते, शिबिरं नव्हती, प्रमाणपत्रं नव्हती. पण तिथून घडून बाहेर पडलेली माणसं पाहा. शिक्षण होतं ते पाहणीत. १९३६-३७ च्या सुमारास संस्थेनं पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी हाती घेतली. तरुण अन्वेषक प्रश्नावली घेऊन पेठांतून, वाड्यांतून, वस्त्यांतून फिरले. एका खोलीत माणसं किती, नळ कुठं, पाणी भरायला कोण जातं, घरात कमावतं कोण, कर्ज कुणाचं आणि कशासाठी. असे प्रश्न परक्या घरात विचारणं सोपं नाही. बामणाचा पोरगा ओटीवर उभा राहून कर्ज विचारतो म्हटल्यावर काय उत्तरं मिळत असतील, याची कल्पना करा. आणि शहाणा अन्वेषक तो, जो त्या उत्तरांतलं खोटं ओळखतो पण माणसाचा अपमान करत नाही. माझ्या मते हाच नेतृत्वाचा पहिला पाठ. त्या पाहणीचा पहिला खंड छापून यायला १९४५ उजाडलं. मधे युद्ध गेलं, पण काम टाकलं नाही. युद्धापूर्वीचं पुणं त्या आकड्यांत बंद होऊन राहिलं म्हणून तर पुढं सोवनी आणि सहकाऱ्यांनी पुण्याची फेरपाहणी करून १९५६ साली बदल दाखवला. काय बदललं हे सांगायला आधी काय होतं याची नोंद लागते. ती नोंद संकटाच्या वेळी ठेवणं कुणालाच सुचत नाही.

१९४० साली वाई तालुक्यातल्या शेतीच्या जमाखर्चाची पाहणी प्रसिद्ध झाली. १९४२ मध्ये सोवनींचं लोकसंख्येवरचं पुस्तक आलं. १९४५ साली गाडगिळांच्या अध्यक्षतेखालच्या उपसमितीनं शेतीकर्जावर अहवाल दिला आणि त्याच वर्षी संघराज्याच्या घडणीवर त्यांचं पुस्तक आलं. गोदावरी-प्रवरा कालव्यांच्या परिणामांचा अभ्यास १९४८ मध्ये छापला गेला. युद्ध चालू असताना कागद मिळवणं हीच कसरत होती. तरीही दर वर्षाचं काम दर वर्षी उभं राहिलं.

एक प्रकाशन असं आहे की त्याचा उल्लेख छत्तीसगढमध्ये करायलाच हवा. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्यांचं आदिवासींवरचं पुस्तक संस्थेनं १९४३ साली काढलं. त्याच्या इंग्रजी नावातच आदिवासींना 'तथाकथित' आदिवासी म्हटलं आहे. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन तेव्हा मैकल डोंगरात, आपल्या शेजारी, बैगा आणि गोंडांमध्ये राहून लिहीत होते आणि या लोकांना बाहेरच्यांपासून वाचवा, असं त्यांचं म्हणणं होतं. घुर्यांनी उलट बाजू मांडली. हे लोक मागासलेले हिंदूच आहेत, त्यांना वेगळं ठेवू नका. मला घुर्यांचं म्हणणं पटत नाही. बस्तरच्या माणसाला स्वतः काय वाटतं हा प्रश्न त्या वादात दोघांनीही पुरेसा विचारला नाही. पण युद्धाच्या ऐन मध्यावर, जेव्हा सगळ्यांचं लक्ष रेडिओवरच्या बातम्यांकडे होतं, तेव्हा आपल्या जंगलांतल्या माणसांविषयीचा वाद पुण्यात छापला जात होता, हे त्या संस्थेचं मोठेपण.

आता दोषांचं बोलतो, नाहीतर हे व्याख्यान स्तुतिपाठ होईल. गाडगिळांचा नियंत्रणांवर भरवसा होता. तो अतिरेकी होता का? नियंत्रण आलं की परवाना आला, परवाना आला की मामलेदार कचेरीतला कारकून आला, आणि त्याच्या मागोमाग काळा बाजार आला. स्वातंत्र्याच्या वर्षी सरकारनं वस्तूंच्या किमतींसाठी मंडळ नेमलं. ए. डी. गोरवाला अध्यक्ष आणि गाडगीळ सदस्य. हे दोघे नियंत्रणं ठेवा असं सांगत राहिले. उलट बाजूला गांधीजी होते. रेशनिंगनं माणसाला लाचार आणि खोटारडं केलं आहे, उठवा ते, असं ते प्रार्थनासभांतून बोलत. डिसेंबर १९४७ मध्ये सरकारनं गांधीजींचं ऐकलं, मंडळाचा सल्ला बाजूला ठेवला. नियंत्रणं उठली, भाव भडकले आणि १९४८ च्या उत्तरार्धात ती पुन्हा आणावी लागली. म्हणजे आकड्यांत गाडगीळ बरोबर ठरले. पण गांधीजी चुकीचं बोलत होते असं म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही. कोट्याच्या दुकानासमोर तासभर उभ्या राहिलेल्या बाईला विचारा, ती दोघांचंही खरं म्हणेल.

दुसरा दोष असा की त्या संस्थेतली माणसं बहुतेक एका जातीतली, एका पेठेच्या वातावरणातली होती. पाहणी सगळ्यांची, पाहणारे मोजकेच. ही त्रुटी त्या काळातल्या जवळजवळ सगळ्या संस्थांत होती. त्यामुळे ती लहान ठरत नाही. तरीही त्या आवारातून जे पुढे आले त्यांची दिशा बघा. वि. म. दांडेकर १९४५ साली संस्थेत आले. १९७१ मध्ये त्यांनी आणि ओरिसाच्या नीलकंठ रथ यांनी देशातल्या दारिद्र्यावरचं पुस्तक लिहिलं. कुणाच्या पोटात रोज पुरेसं अन्न जात नाही, याचा हिशोब त्यांनी सगळ्या देशापुढे मांडला. तेही वर्ष युद्धाचंच होतं. स्वतः गाडगीळ त्या वर्षी योजना आयोगाच्या उपाध्यक्षपदावरून मोकळे होऊन पुण्याला निघाले आणि ३ मे १९७१ रोजी वाटेत, रेल्वेच्या डब्यातच, त्यांचं निधन झालं. केंद्रानं राज्यांना मदत कशी वाटावी याचं जे सूत्र त्यांच्या नावानं ओळखलं जातं, ते १९६९ चं. पुढं कित्येक वर्षं राज्यांच्या योजनांची मदत त्यानं ठरवली.

हे सगळं सांगताना माझ्या मनात आज, इथं, काय करता येईल हा विचार आहे. दुर्गला हेमचंद यादव विश्वविद्यालय आहे, भिलाईत आयआयटी आहे, तांत्रिक विद्यापीठ आहे. नेतृत्वविकासाचे कार्यक्रम या सगळ्यांकडे असतील. मुलं व्यासपीठावर उभं राहून बोलायला शिकत असतील आणि त्यात वाईट काही नाही. पण नंदिनीची खाण सुरू झाल्यापासून आसपासच्या गावांतली शेती किती कमी झाली, ठेकेदाराकडे काम करणाऱ्या मजुराला वर्षात किती दिवस रोजगार मिळतो, कारखान्यातून निवृत्त झालेला मराठी कामगार इथंच राहिला की गावी परतला, त्याची मुलं कोणत्या भाषेत शिकली, धान विकल्यावर हातात आलेल्या पैशांतला किती वाटा आधीच्या उधारीत जातो, याचा हिशोब कुठं मांडलेला आहे? कुणाकडे मांडलेला असेल तर मला दाखवा, मी पुण्याहून पुन्हा यायला तयार आहे.

म्हणून या व्याख्यानमालेच्या संयोजकांना माझी एक विनंती आहे. दरवर्षीच्या व्याख्यानासोबत एक पाहणी हाती घ्या. अहिवाऱ्याची शंभर घरं निवडा, कॉलेजातल्या मुलामुलींच्या हाती साधी प्रश्नावली द्या. पहिल्या वर्षी फक्त घरखर्च विचारा, दुसऱ्या वर्षी कर्ज, तिसऱ्या वर्षी पाणी. मराठी घरं जशी घ्याल तशी छत्तीसगढी घरंही घ्या, सतनामी वस्तीही घ्या, खाणीच्या क्वार्टर्सही घ्या. छापायला पैसे नसले तर हातानं लिहून ग्रामपंचायतींत, नगरपालिकेत, शाळांत एकेक प्रत ठेवा. आणि पुढच्या वर्षी वक्ता म्हणून ज्याला बोलवाल, त्याला आधी हे आकडे पाठवा आणि यावर बोल म्हणून सांगा.